‘कुठलंही पान घ्या’

मला जादूचा नाद लागला तेव्हा आपल्याकडे जादू म्हणजे रंगमंच, झगमगीत फेटा आणि पेटीतून गायब होणारी बाई. जादूगार रघुवीर यांचे प्रयोग पाहिलेली पिढी घरात होती. तिच्या लेखी पत्त्यांचे खेळ म्हणजे लग्नघरात पोरं रमवायचा उद्योग. मला मात्र एकच गोष्ट छळत होती. समोरचा स्वतःच्या मर्जीनं पान ओढतो, आणि ते नेमकं जादूगाराला हवं तेच कसं निघतं? जादूगार याला ‘फोर्स’ म्हणतात. गेली पंधराएक वर्षं मी त्याच्या मागे आहे, आणि गंमत म्हणजे याच काळात मानसशास्त्राचे संशोधकही त्याच्या मागे लागले.

सुरुवात सोपी गेली, कारण एक फोर्स आपल्या हातात आधीपासूनच असतो. गड्डीच्या वरून गठ्ठे ओढत पत्ते पिसायची आपली घरगुती तऱ्हा पाश्चात्त्य जादूगारांत ‘हिंदू शफल’ म्हणून ओळखली जाते. गठ्ठे वरून निघत राहतात, तळाचं पान मात्र जागचं हलत नाही. समोरच्यानं कधीही ‘थांब’ म्हणावं, हातात उरलेला गठ्ठा उचलून दाखवला की तळाशी तेच पान. मेंढीकोटाच्या डावात ही हालचाल सगळ्यांनी इतकी पाहिलेली असते, की तिच्याकडे कुणी बघतच नाही. एक भाचा सोडून. “मामा, पिसायच्या आधी तळाचं पान दाखव,” असं तो म्हणाला आणि त्या संध्याकाळचा खेळ तिथेच आटोपला.

खरी झटापट ‘क्लासिक फोर्स’शी. हवं ते पान गड्डीच्या मध्याजवळ ठेवायचं आणि त्याच्यावर करंगळीच्या टोकाची कातडी अडकवून केसाएवढी फट राखायची. मग पानं एका हातातून दुसऱ्या हातात सरकवायला लागायचं. समोरच्याचा हात पुढे येतो, आणि त्याची बोटं मिटण्याच्या बेतात असताना आपलं पान त्यांच्याखाली पोहोचायला हवं. लवकर पोहोचलं तर निसटून पुढे जातं. उशीर होतोय म्हणून वेग वाढवला, तर ती घाई त्याला दिसते. म्हणून चाल सुरुवातीपासूनच त्याच्या हाताकडे बघून धरायची. हे आरशासमोर शिकता येत नाही, कारण आरशातला माणूस आपल्याच सोयीनं हात पुढे करतो. त्यात आपला पावसाळा. कागदी पत्ते दमट होऊन चार-चार एकत्र सरकतात, आणि प्लॅस्टिकचे नको तेवढे निसटतात.

चुकीचं पान गेलं तरी आभाळ कोसळत नाही, हे कळायला पुस्तकं वाचावी लागली. डाय व्हर्नन यांच्या एका गाजलेल्या प्रयोगाचं नावच ‘ज्याचं स्पष्टीकरण देता येत नाही असा प्रयोग’. त्यात भाकीत आधी लिहून ठेवायचं आणि समोर जे घडेल त्यातून तिथवर जाणारी वाट जागच्या जागी काढायची. शेवट काय होणार हे प्रेक्षकाला सांगितलेलंच नसतं, तर फसलं काय हे त्याला कळणार कुठून?

गुपितं फोडल्याचा आरोप माझ्यावर नको. रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रज गृहस्थानं 1584 सालीच पत्त्यांच्या हातचलाख्या छापून टाकल्या. 1902 मध्ये शिकागोत एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावानं आलेलं पुस्तक आजही या धंद्यातली पोथी आहे, आणि तो लेखक कोण याचा वाद मिटलेला नाही.

प्रयोगशाळेतली गोष्ट मला जास्त रंजक वाटली. कॅनडात जे ओल्सन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओल्सन स्वतः जादूगार. गड्डीची पानं लोकांसमोर फर्रकन सोडायची, एकच पान किंचित जास्त वेळ दिसू द्यायचं आणि ‘एक पान मनात धरा’ म्हणायचं. 98 टक्के लोकांनी तेच पान धरलं. आपल्यावर काही प्रभाव पडला असं जाणवलं ते जेमतेम 9 टक्के. बाकीच्यांना निवड आपलीच वाटत होती.

पुढे 2020 मध्ये लंडनच्या अलिस पाय्येस आणि गुस्ताव कून यांनी नुसत्या बोलण्यातल्या आणि हातवाऱ्यांतल्या सूचनांनी चौकटची तिर्री मनात उतरवता येते का, हे तपासलं. टीव्हीवरचे मनकवडे याच प्रकारावर टाळ्या घेतात. साधारण 18 टक्के लोकांनी तिर्री धरली. 52 पानांत योगायोगानं तेच पान येण्याची शक्यता 2 टक्क्यांच्या आसपास असते, त्या हिशेबानं हा आकडा थक्क करणारा आहे. पण प्रयोग करणाऱ्याच्या बाजूनं पाहा : पाचातले चार जण दुसरंच पान सांगणार. मनावर ताबा मिळवल्याचा आव आणणाऱ्यांपेक्षा मला ती करंगळीची फट केव्हाही भरवशाची वाटते. मनकवडेपणाची बडबड सोबतीला असावी, ऐकायला बरी वाटते.

लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉलवर खेळ करताना मात्र ही बडबडच कामाला आली, कारण समोरच्याचा हात पानापर्यंत पोहोचतच नव्हता. ‘दोनांतली एक गड्डी सांगा’ म्हणायचं. त्यानं हवी ती सांगितली तर ‘ही ठेवू’, नको ती सांगितली तर ‘ही बाजूला काढू’. चालतं, पण मला त्यात वकिली जास्त वाटते.

त्या संशोधनातला एक प्रश्न मी खेळात उचलला आहे. पान ओळखण्याआधी विचारतो, “हेच का घेतलंत?” उत्तरं भराभर येतात. सत्ती माझ्या जन्मतारखेची, बदाम नेहमीच लकी, काळं पान नकोच होतं. क्वचित कुणी शांतपणे म्हणतं, “तुम्ही ते जरा पुढे सारल्यासारखं वाटलं.” अशा माणसासमोर त्या दिवशी दुसऱ्यांदा फोर्स करायचा नाही. गड्डी त्याच्याच हातात द्यायची, त्यालाच पिसू द्यायची आणि फोर्स लागतच नाही असा एखादा खेळ काढायचा.