गाडी बघण्याआधी

जबलपूरमध्ये जुनी गाडी विकणारा माणूस ‘मी फौजी आहे’ म्हणाला, की समोरच्याचा अर्धा संशय तिथेच मावळतो. याला कारणही तसंच आहे. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्सची रेजिमेंटल सेंटर्स इथे आहेत, सिग्नल्सचं प्रशिक्षण केंद्र आहे, खमरियाचा आयुध कारखाना आहे, व्हेइकल फॅक्टरी आहे. त्या फॅक्टरीत बनलेल्या जोंगा गाड्या लष्कराने लिलावात काढल्या, तेव्हा लोकांनी त्या हौसेने घेतल्या आणि जपल्या. बदली झाली, गाडी सोबत नेता येत नाही, म्हणून स्वस्तात काढतोय, हे इथे खरोखर घडतं. ऑनलाइन भामटे नेमकी हीच खरी गोष्ट उचलतात.

विजय नगरमध्ये माझे काका राहतात, खमरियातून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलाला जुनी स्विफ्ट घ्यायची होती. एक जाहिरात दिसली: 2019 चं मॉडेल, एकच मालक, किंमत 1,90,000 रुपये. तशी गाडी बाजारात दुपटीहून जास्त भावाला जात होती. फोनवरचा आवाज अदबशीर, सुरुवातच ‘जय हिंद सर’ने. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, आरसी आणि गणवेशातला फोटो आला. गाडी छावणीत आहे, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, पण आर्मीच्या ट्रान्सपोर्टने घरपोच मिळेल; गेटपासचे 5,150 रुपये तेवढे आधी टाका.

काका म्हणाले, “अरे, फौजी माणूस आहे. पाच हजारांसाठी खोटं बोलेल का?”

“बाबा, छावणी काही लांब नाही,” भाऊ म्हणाला, आणि फोनवरच्या माणसाला त्याने विचारलं, “सर, मैं अभी गेट पर आ जाता हूँ, आप गाड़ी बाहर ले आइए.” फोन कट झाला. पुन्हा लागलाच नाही.

जे पैसे भरतात त्यांच्यापुढे मग ठरलेला क्रम सुरू होतो. गेटपासनंतर विमा, विम्यानंतर जीएसटी, प्रत्येक रक्कम ‘परत मिळणारी’. शेवटी परताव्यासाठी म्हणून क्यूआर कोड येतो आणि यूपीआय पिन टाकायला सांगतात. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर हेल्पलाइन 1930 ला फोन करायचा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत ती अडवली जाऊ शकते, म्हणून इथे एकेक तास मोलाचा आहे. आमचे पैसे गेले नव्हते, तरी काकांनी संचार साथी पोर्टलच्या ‘चक्षू’वर तो नंबर कळवायला लावला. ओळखपत्रावरचा जवान खरा असू शकतो आणि त्याचं कार्ड चोरून असं फिरवलं जात असेल, याचा त्यांना फार राग आला होता. मलाही तो राग अगदी योग्य वाटला.

भामटा आधी पैसे मागतो आणि गाडी शेवटपर्यंत दाखवत नाही. भावाने हा क्रम उलटा करून टाकला: आधी कागद, मग माणूस, मग गाडी, पैसे सगळ्यांत शेवटी. पुढची गाडी विजय नगरमध्येच मिळाली. मालक नोकरीसाठी नागपूरहून आलेले, गाडीचा नंबर एमएच-31. नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, पीयूसी आणि गाडीवर कर्ज आहे का, हे दिसतं. मालकाचं नाव मात्र अर्धं झाकलेलं असतं. म्हणून भावाने त्यांना त्यांच्याच मोबाइलवर डिजिलॉकर उघडायला सांगितलं आणि आरसीवरचं नाव आधारच्या नावाशी जुळवलं. चलन बाकी आहे का ते पाहिलं. गाडी चोरीच्या नोंदीत नाही ना, हे एनसीआरबीच्या वाहन समन्वय सेवेवर तपासलं. यातल्या बहुतेक गोष्टी करायला घरातून बाहेर पडावं लागत नाही.

सकाळी मिस्त्रींना सोबत नेलं. त्यांनी पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवला. इंजिन थंड होतं. विक्रेत्याने ते आधीच गरम करून ठेवलं असेल, तर थंड इंजिनाची खडखड आणि सुरुवातीचा धूर लपून जातो. मग ऑइलचं झाकण काढून आतली बाजू पाहिली. तिथे पांढरट साय असली तर ऑइलमध्ये पाणी जात असल्याचा संशय घ्यायचा. दरवाजाचं रबर ओढून त्यांनी आतल्या कडेवरून बोट फिरवलं. कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे सारख्या अंतरावर असतात, अपघातानंतर ठोकून काढलेल्या गाडीत ते पुसले जातात. बिजागऱ्यांचे बोल्ट पाहिले, रंग उडालेला नव्हता. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. पुरात बुडालेल्या गाडीत वरचं सगळं धुऊन निघतं, पण पट्ट्याच्या आतल्या भागात आणि सीटखालच्या रुळांवर गाळ आणि गंज राहतो. मीटर 41,000 किलोमीटर दाखवत होतं. मिस्त्री खाली वाकले आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर बघत राहिले. मीटर मागे फिरवणारे पेडल बदलायचं विसरतात, असं त्यांचं म्हणणं. तरीही सर्व्हिस सेंटरमधून जुनी बिलं काढलीच. प्रत्येक बिलावर त्या दिवशीचं रीडिंग असतं.

सगळ्यांत जास्त वेळ चेसिस नंबरला गेला. कोरलेल्या नंबरावर कागद धरून मिस्त्रींनी पेन्सिल घासली आणि सतरा अक्षरं-आकडे कागदावर उमटले. चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत, कारण एक आणि शून्याशी घोटाळा होतो. तो छाप आरसीशी एकेक करून ताडला. आरसीची नक्कल बनवता येते, पण लोखंडावर घासून पुन्हा कोरलेला नंबर पेन्सिलीखाली बहुधा उघडा पडतो.

या गाडीत अडचण एकच निघाली. कर्ज फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. तो उतरवायला बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 लागतो. बँक पत्र देईपर्यंत टोकनसुद्धा द्यायचं नाही, असं भावाने ठरवलं. एकाच गाडीवर चार जणांकडून टोकन घेऊन गायब होणारेही आहेत, म्हणून मला ते पटलं. पुढचं काम नागपूर आरटीओचं होतं: परराज्यातली गाडी मध्य प्रदेशात नावावर करायला फॉर्म 28 वरची तिथली एनओसी लागते, हस्तांतरासाठी फॉर्म 29 आणि 30, शिवाय इथला कर. दलालामार्फत घेणाऱ्यांनी त्याचं आरटीओचं अधिकारपत्र मागावं. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते बंधनकारक आहे.

बँकेचं पत्र आलं आणि व्यवहार ठरला. विक्रेतेही तितकेच सावध होते. गाडी विकली पण आरसीवर नाव आपलंच राहिलं, तर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्या गळ्यात पडते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात हेच सांगितलं. पावती लिहिताना विक्रेते म्हणाले, “ताबा दिल्याची तारीख, वेळ आणि मीटरचं रीडिंगही घाला, दादा.” भावाने ते घातलं, आणि त्याखाली स्वतःची ओळ जोडली: रकमेतले 25,000 रुपये नागपूरची एनओसी हातात आल्यावर दिले जातील. दोघांनी सह्या केल्या, काकांनी साक्षीदार म्हणून केली.