न रडणारी आरोपी

दूरचित्रवाणीवरील रहस्यमालिकेत एखाद्या स्त्रीवर खुनाचा खोटा आळ येतो, तेव्हा प्रेक्षकाची मोठी सोय असते. ती निर्दोष आहे हे त्याला बहुधा आधीच ठाऊक असते. इतरांना ते केव्हा उमगेल, एवढीच उत्कंठा. ऑस्ट्रेलियातील लिंडी चेंबरलेन हिची कहाणी 2004 साली 'थ्रू माय आइज' या नावाने तेथील दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा प्रेक्षक तिच्याच बाजूचा होता. परंतु 1980 साली त्याच पेटीसमोर बसलेल्या प्रेक्षकाने तिला आधीच गुन्हेगार ठरविले होते.

17 ऑगस्ट 1980 च्या रात्री, उलुरू या प्रचंड खडकाजवळच्या तंबूतून तिची नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तेथील रानकुत्र्याने, बाळ नेले असे आईने तत्क्षणी ओरडून सांगितले. 1981 मध्ये कॉरोनरने ते मान्यही केले, आणि त्याचा निर्णय दूरचित्रवाणीवरून थेट दाखविला गेला. पण लोक निर्णय ऐकत नव्हते. चेहरा पाहत होते. मुलाखतीत ती शांत स्वरात बोले. ही कसली आई, रडत कशी नाही? मयताच्या घरी कोण किती रडले याचा हिशेब ठेवणारी मंडळी आपल्याकडेही आहेतच. अझारिया म्हणजे 'अरण्यातील बळी' अशीही आवई उठली. खरा अर्थ 'ईश्वराने साह्य केले' असा आहे.

पुढे संशयाला शास्त्राचा आधार मिळाला. अर्भकाच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्रौढाहून निराळे असते. तसले रक्त चेंबरलेन कुटुंबाच्या मोटारीत सापडल्याचे तज्ज्ञांनी शपथेवर सांगितले. प्रेत नाही, हेतू नाही. तरी 29 ऑक्टोबर 1982 रोजी डार्विन येथे ज्यूरीने तिला दोषी ठरविले. शिक्षा जन्मठेपेची. ती त्या वेळी गरोदर होती; तुरुंगवासात झालेली मुलगी तिच्यापासून दूर करण्यात आली. आणि ते रक्त? डॅशबोर्डाखालचे ते शिंतोडे कारखान्यात आवाज कमी करण्यासाठी फवारलेल्या द्रव्याचे निघाले!

बाळाच्या अंगात जाकीट होते, असे ती प्रथमपासून सांगत होती. सरकारपक्षाने ते खोटे ठरविले. फेब्रुवारी 1986 मध्ये, खडकावरून पडलेल्या एका मनुष्याचा शोध चालू असता, ते जाकीट डिंगोंच्या वावराच्या जागी मिळाले. काही दिवसांतच ती सुटली. 1988 मध्ये दोषसिद्धी रद्द झाली.

मृत्यूच्या दाखल्यावर डिंगोचे नाव मात्र जून 2012 मध्ये, चौथ्या चौकशीनंतर चढले. तो दाखला हाती पडला तेव्हा आई चौसष्ट वर्षांची होती.