ग्रीष्मांतील पानकें : घरचीं आणि कोरियाचीं

चैत्र सरून वैशाख लागला कीं नगरच्या उन्हाला धार चढते. २०२४ सालीं नगरचें नांव अहिल्यानगर झालें, तरी ऊन जुन्या वळणाचेंच राहिलें आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेंत वसलेला हा मुलूख. अकोल्याचा डोंगरपट्टा सोडला तर पाऊस बेताचा आणि ऊन सढळ. अशाच एका दुपारीं, सुटींत आलेली आमची नात म्हणाली, "आजोबा, कोरियांत उन्हाळ्यांत काय पितात, ठाऊक आहे? मिसुगारू!"

कोरियन मालिकांचें वेड अलीकडे घरोघर पोंचलें आहे. आमचें घर त्यास अपवाद कसें असणार? तें परकें नांव ऐकून प्रथम आमच्या कपाळास आठी पडली. परंतु तिनें कृति सांगितली आणि आठी मावळली. तांदूळ, जव, सोयाबीन इत्यादि धान्यें भाजून दळावयाचीं, तें पीठ गार पाण्यांत किंवा दुधांत कालवावयाचें आणि मध अथवा साखर घालून प्यावयाचें. स्वयंपाकघराच्या दारांतून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अग, मग हें तर आपलें सातूचें पीठच कीं!"

त्यांचें म्हणणें यथार्थ आहे. सातू हा शब्द संस्कृत 'सक्तु' यापासून आला. चरकसंहितेंतील ऋतुचर्येंत ग्रीष्मासाठीं साखर घातलेला थंड 'मंथ' सांगितला आहे; मंथ म्हणजे द्रवांत घुसळलेले सक्तुच. भाजलेलें पीठ टिकतें, त्यास ऐन वेळीं चूल लागत नाहीं, आणि तें तहानेबरोबर भूकही भागवितें. १९७२ च्या दुष्काळांत रोजगाराच्या कामांवर 'सुकडी' वाटीत असत, ती आमच्या पिढीच्या जिभेवर अजून आहे; तिचें मर्मही हेंच.

कृति अशी : चार वाट्या गव्हांस पाण्याचा हात लावून कांहीं वेळ झांकून ठेवावे; मग कांडून, पाखडून कोंडा काढावा, गहू उन्हांत वाळवावे व मंद आंचेवर खमंग भाजावे. त्यांत एक वाटी डाळें, चमचाभर भाजलेलें जिरें, थोडी सुंठ व वेलदोडे घालून बारीक दळावें. पिण्याच्या वेळीं गुळाच्या गार पाण्यांत, गुठळी होऊं न देतां, कालवावें.

नातीची यादी येथेंच संपली नाहीं. कोरियांत 'मैसिल' नांवाचें जर्दाळूच्या कुळांतील एक हिरवें, आंबट फळ जूनच्या सुमारास हातीं येतें. तेवढ्याच वजनाच्या साखरेंत तें बरणींत सुमारें तीन महिने मुरवितात आणि सुटलेला पाक गार पाण्यांत घालून पितात. कच्च्या फळाचा आंबटपणा गोडानें जिंकावयाचा, ही युक्ति आमच्या पन्ह्याचीच. 'पानक' या शब्दाचें पन्हें झालें. चैत्रगौरीचें हळदीकुंकू, कैरीची डाळ आणि पन्हें यांचें साहचर्य वाचकभगिनींस आम्हीं काय सांगावें! कैऱ्या उकडून गर काढावा; गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, वेलदोड्याची पूड आणि केशराच्या चार काड्या घालाव्या. चिमूटभर मीठ मात्र विसरूं नये. त्याचें कारण पुढें येईल.

'सिख्ये' नांवाचें पेय त्याहून मनोरंजक आहे. मोड आणून वाळविलेल्या जवाची पूड पाण्यांत भिजवितात. तें निवळ पाणी शिजलेल्या भातावर ओतून कित्येक तास कोमट ठेवितात. मोडांतील पाचक द्रव्यें भाताच्या पिष्टाची साखर करतात. मग तें उकळून गार करतात आणि वर भाताचीं चार शितें तरंगत ठेवून देतात. आमची आंबील याच जातीची, परंतु स्वभावानें आंबट. ज्वारीचें पीठ रात्रीं ताकांत भिजत घालावें. ताकांतील सूक्ष्म जंतु तें आंबवितात. सकाळीं उकळत्या पाण्यांत वैरून मीठ, जिरें, हिंग घालून पातळ शिजवावें व निवल्यावर प्यावें. पाथर्डी, जामखेड, कर्जतकडच्या ज्वारीच्या मुलखांत शेतावर निघालेल्या माणसास हा मोठा आधार.

उत्तरेकडे प्रवरेकांठीं चित्र निराळें. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, कालव्यांमागून ऊस आला, आणि १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यामुळें उसाचा रस हें आमच्या जिल्ह्याचें जणूं कुलपेयच. रसवंतीच्या पाट्यांवर महाराष्ट्रभर कानिफनाथांचें नांव आढळतें. त्या नाथांची समाधि पाथर्डी तालुक्यांत मढी येथें आहे. चरकाला बांधलेलीं घुंगरें ऐकूं आलीं कीं आमचेही पाय अडखळतात. मात्र रसांत बर्फ नको म्हणावें. तो कोणत्या पाण्याचा, हें कोण सांगणार?

येथपर्यंत रसनेचें झालें. आतां एक गोष्ट कबूल केल्यावांचून हा लेख पुरा करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं, वार्षिक परीक्षेच्या आधींचे दिवस. पत्र्याच्या छपराखालीं दुपारचा तास चालला होता आणि आम्ही शब्दरूपावलि घोकून घेत होतों. एका मुलानें पाणी पिण्यासाठीं परवानगी मागितली. तास मोडतो म्हणून आम्हीं ती नाकारली. त्यानें पुन्हां विचारलें. आम्हीं पुन्हां नाकारली. तिसऱ्यांदां त्यानें विचारलें नाहीं. तो बाकावरून खालीं कोसळला. घाबरून आम्ही त्याच्या तोंडांत पाणी ओतूं लागलों, तोंच शेजारच्या वर्गावरील बाईंनीं आमचा हात धरला. बेशुद्धाच्या घशांत ओतलेलें पाणी श्वासनलिकेंत जाऊं शकतें, हें त्यांना ठाऊक होतें, आम्हांस नव्हतें. त्यांनीं मुलास सावलींत निजविलें, अंगावर ओलें फडकें फिरविलें, वारा घातला, डॉक्टरांस बोलावणें धाडलें. तो शुद्धीवर आल्यावर लिंबू, मीठ व साखर घातलेलें पाणी घोट घोट पाजलें. मुलगा बरा झाला. परंतु त्या दिवसापासून आमच्या वर्गांत पाण्यासाठीं कोणास विचारावें लागलें नाहीं.

उन्हाची थट्टा करूं नये. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें उघड्या मैदानावरील एका समारंभानंतर उष्म्यानें १४ जण दगावले. घाम जातो तेव्हां पाण्याबरोबर मीठही जातें. आंतड्यांत मीठ आणि साखर जोडीनें शोषलीं जातात व पाणी त्यांच्या मागोमाग जातें. याच तत्त्वावर १९७१ सालीं डॉ. दिलीप महालनबीस यांनीं बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकीच्या रोग्यांस मीठ-साखरेचें पाणी पाजून असंख्य प्राण वांचविले. एक लिटर स्वच्छ पाण्यास सहा लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ, दोन्ही सपाट भरून, हें प्रमाण घरांतील प्रत्येकास पाठ असावें. पन्ह्यांतील चिमूटभर मिठाचें मर्म तें हेंच. मात्र अंग तापलें, शुद्ध हरपूं लागली, तर कोणत्याही पानकावर विसंबूं नये. अंग गार करीत तत्काळ इस्पितळ गांठावें.

२०१९ सालीं केरळांतील शाळांनीं मुलांना पाण्याची आठवण देणारी वेगळी घंटा सुरू केली, हें वाचून आम्हांस आमचा तो तास आठवला. तशी घंटा आमच्या वर्गांत असती तर!

अक्षय्यतृतीयेस उदककुंभ दान देण्याची आपली चाल आहे. आलेल्या पाहुण्यापुढें गूळपाणी ठेवण्याचीही आहे. परंतु हल्लीं भर दुपारीं दारीं येतो तो बहुधा पाहुणा नसतो. पार्सल पोंचविणारा एखादा तरुण असतो. त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वीं तांब्या पुढें करावा, एवढेंच वाचकांस आमचें मागणें.

आमची नात हल्लीं हें काम आवडीनें करते. पाण्याबरोबर ती सातूचा पेला पुढें करते आणि "मिसुगारू घ्या" म्हणते. परवां एक मुलगा घोट घेऊन म्हणाला, "ताई, हें तर आमच्या आजीचें सातू आहे!" आंतून आमच्या सौभाग्यवतींचें हंसणें ऐकूं आलें.