केंड फुगतो तेव्हा

आमचं भाटघर म्हणजे गोड्या पाण्याचं गाव. वेळवंडी नदीवरचं इंग्रजांच्या काळातलं धरण अगदी शेजारी. अशा गावात माझ्या पुढच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे आणि तिच्यात समुद्रातला मासा राहतो, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग बघायला येतात आणि तासभर हलत नाहीत.

हा मासा पफर जातीचा. कोकणात त्याच्या भाऊबंदांना केंड म्हणतात. पहिला केंड मी लहानपणी हर्णै बंदरावर पाहिला. जाळ्यातून काढून वाळूवर टाकलेला, चेंडूसारखा फुगलेला. आम्ही पोरांनी टाळ्या पिटल्या होत्या.

माझ्या मुलानं पुण्यात असताना हा मासा पाळला. त्याची बदली झाली तेव्हा म्हणाला, "अब्बा, थोडे दिवस सांभाळा." त्या थोड्या दिवसांना आता चार वर्षं झाली.

तोंड कुत्र्यासारखं, म्हणून बाजारात त्याला 'डॉगफेस पफर' म्हणतात. मी दिसलो की काचेशी येतो, शेपूट हलवतो. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवतो. छातीचे, पाठीचे आणि पोटामागचे पर हलवत जागच्या जागी वळतो, मागेही जातो. सुरुवातीला तो दिवसभर काचेलगत वर-खाली करायचा. "किती खेळकर आहे," असं आम्ही कौतुकानं म्हणायचो. तो खेळ नव्हता, येरझाऱ्या होत्या. टाकी जेमतेम शंभर लिटरची आणि हा मासा वाढून फूटभर होणारा. समुद्रात तो दिवसभर प्रवाळ आणि खडकांतून शिंपले, खेकडे शोधत हिंडतो. त्याला काम हवं असतं. जपानजवळच्या समुद्रात याच कुळातला एक वीतभरही नसलेला नर मादीसाठी तळाच्या वाळूत सुमारे दोन मीटर रुंदीचं नक्षीदार वर्तुळ कोरतो. आठवडाभर खपतो. हे कोडं 2012 च्या सुमारास उलगडलं. अशा जिवाला रिकाम्या काचेत कोंडल्यावर तो दुसरं काय करणार?

म्हणून पाचशे लिटरची टाकी घेतली. भरल्यावर ती अर्ध्या टनाहून जड होते, तेव्हा तळमजलाच बरा. आत दगडांच्या कपारी रचल्या. पाण्यात स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, समुद्री क्षारांचं मिश्रण मिळतं ते घालायचं. लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम. पाणी आटलं की वाफ जाते, मीठ मागे राहतं, म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानं भरायची. नवी टाकी भरली की लगेच मासा सोडायचा नाही. त्याच्या विष्ठेतून आणि उष्ट्यातून अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू दगडांवर आणि गाळणीत रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. केंड तर सांडत-लवंडत खाणारा, म्हणून गाळणी दणकट हवी आणि थोडं पाणी दर आठवड्याला बदलायला हवं.

दुसरी गोष्ट दातांची. याला चार दात, एकमेकांना जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले. ते जन्मभर वाढतात. नुसती सोललेली कोळंबी घातली तर दात झिजत नाहीत, तोंड मिटतं आणि मासा उपाशी मरतो. मी पुण्याहून तिसऱ्या आणतो आणि शिंपल्यासकट देतो. तो कटाकट फोडतो, ते ऐकताना माझंही पोट भरतं. सोबतीला लहान मासे मात्र ठेवू नयेत. तो त्यांचे पर कुरतडतो.

याच्या यकृतात, अंडाशयात, कातडीत विष असू शकतं. ते शिजवून जात नाही आणि त्यावर उताराही नाही. म्हणून मेलेला मासा मांजराच्या तोंडी लागू देऊ नये.

आता मुद्द्याची गोष्ट. घरी आलेली मुलं काचेवर टकटक करतात. "आजोबा, फुगवा ना!" मुशायऱ्यात शायर दाद मिळाली की फुगतो. केंड भीतीनं फुगतो. शत्रूनं गिळू नये म्हणून तो पोटात पाणी भरून घेतो. पाण्याबाहेर काढला तर हवा भरते आणि ती बाहेर टाकणं त्याला अवघड जातं. त्यानं जीवही जाऊ शकतो. हर्णैला आमच्या टाळ्या पडल्या त्या एका जिवाच्या शेवटच्या धडपडीला, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वळवाच्या पावसात रात्री वीज गेली. धरणाच्या पायथ्याशी वीजनिर्मिती केंद्र आणि आमच्याकडे अंधार! पंप बंद, पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागला. मासा वर येऊन धापा टाकू लागला. मी आणि बीबी तांब्यानं पाणी उपसून उंचावरून परत सोडत बसलो. हात भरून आले. पहाटेची अजान झाली आणि पाठोपाठ दिवे आले. आता बॅटरीवर चालणारा हवेचा पंप कायम जवळ असतो.

हा मासा दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. माझी पंचावन्नी उलटली. त्याच्या म्हातारपणाची सोय मुलानं करायची, असं ठरलंय. तो जाईल तेव्हा दुसरा आणणार नाही. तोवर मुलं आली की मी त्यांच्या हाती एक तिसरी देतो आणि म्हणतो, "फुगवू नका, भरवा." तो चिमट्यातून ती घेतो, कटकन फोडतो. मुलं टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांना माझी हरकत नसते.