उघड्या आभाळाखालची तिसरी घंटा

उन्हाळ्यात इटलीतल्या व्हेरोनाच्या ब्रा चौकात शिरलं की आधी डोळ्यांत भरतो तो नेपथ्याचा पसारा. उघड्यावर बसलेले स्फिंक्स, सोनेरी खांब, जिन्यांचे तुकडे. शेजारच्या रोमनकालीन खुल्या रिंगणात ऑपेरा रंगतात, आज ‘आईडा’, उद्या ‘कार्मेन’. एवढं सामान आत मावणार कुठं? क्रेननं उचलून भिंतीवरून आत सोडायचं, प्रयोग संपला की पुन्हा बाहेर.

या भिंती इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या, रोमच्या कलोसियमच्याही आधीच्या. १११७ च्या भूकंपात बाहेरचं कडं ढासळलं. त्याच्या चार कमानी तेवढ्या उरल्या. आतला दगडी वाडगा मात्र आजही प्रेक्षकांनी भरतो.

छप्पर नाही, म्हणून इथला आयोजक पहिल्यापासून हवेच्या मर्जीवर. रोमन लेखक धाकट्या प्लिनीनं मॅक्सिमस नावाच्या मित्राला लिहिलेलं पत्र आहे. मॅक्सिमसनं दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ व्हेरोनाकरांसाठी ग्लॅडिएटरांच्या झुंजी ठेवल्या होत्या. पत्नी इथलीच. आफ्रिकेतले बिबटे विकत घेतले, पण खराब हवेमुळे ते वेळेवर पोचलेच नाहीत. यात तुझी काही चूक नाही, अशी प्लिनी त्याची समजूत काढतो. नाटकाच्या सामानाची गाडी घाटात अडकली की थिएटरच्या दारात येरझारा घालणारा व्यवस्थापक मला त्या पत्रात दिसतो. बिबट्यांचा जीव त्या दिवसापुरता तरी वाचला, याचं बरंही वाटतं.

१९१३ मध्ये ‘आईडा’चा संगीतकार व्हेर्दी याची जन्मशताब्दी होती. इथं ऑपेरा करावा, हे व्हेरोनाचाच गायक जोव्हान्नी झेनातेल्लो याच्या मनानं घेतलं. सांगतात की तो रिकाम्या रिंगणात उभा राहून गायला आणि मित्र पायऱ्यांवर पांगून ऐकत राहिले. माईक नव्हता, तरी आवाज पोचला. १० ऑगस्टला ‘आईडा’ उभा राहिला, वाद्यवृंदाचं संचालन तुल्लिओ सेराफिनचं.

याच झेनातेल्लोनं पुढे म्हातारपणी न्यूयॉर्कमध्ये एका मुलीचं गाणं ऐकलं आणि तिला व्हेरोनासाठी निवडलं. मारिया कॅलस, वय २३. ‘ला जोकोंदा’च्या रंगीत तालमीत तिचा घोटा मुरगळला. ऑगस्ट १९४७ मध्ये त्याच दुखऱ्या पायानं ती गायली. समोर पुन्हा सेराफिनच. इटलीत पहिल्यांदा तिला ऐकलं ते या दगडांनी.

प्रयोगाआधी वेशभूषेतली एक बाई काशाच्या भल्या थोरल्या थाळीवर टोले देते. आपल्या तिसऱ्या घंटेसारखीच पायऱ्यांवर एकदम शांतता पसरते. मी गेलो त्या रात्री दुसऱ्या अंकात चार थेंब पडले. गायक अजून उभेच होते, पण वादक उठले. सरसानं जोडलेल्या लाकडाला पाणी सोसत नाही. माझ्या समोरच्या बाईंनी व्हायोलिन शालीत गुंडाळलं, तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं आणि त्या वाकून, पाठीवर पाऊस घेत कमानीखाली गेल्या. आम्ही प्लास्टिकचे रेनकोट घालून बसून राहिलो. कुणी उठलं नाही.

अर्ध्या तासानं आभाळ उघडलं. पोरांनी रंगमंच पोतेऱ्यानं कोरडा केला, वादक परतले, बाईंनी शाल सोडली. ओबोनं सूर दिला आणि सगळी वाद्यं त्याला मिळू लागली.