शिडाच्या नौकेला पंखा कोणता?

छत्रपती संभाजीनगरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी नौकेच्या पंख्याचे अर्धे शास्त्र आमच्या गावच्या पाणचक्कीत दिसते. नळांतून आणलेले पाणी पात्यांवर आदळते आणि जाते फिरते. ही ऊर्जा पाण्याची असते. शिडावर चालणाऱ्या नौकेचा पंखाही पाण्यामुळे असाच फिरू पाहतो. मात्र तिथे ऊर्जा नौकेची खर्च होते.

नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडाच्या नौकेतून असे करणारे ते पहिले भारतीय. लांब पल्ल्याच्या अशा नौकांनाही बंदरात शिरताना इंजिन लागते. एरवी शिडे उभारली की इंजिन बंद, आणि पंखा नुसता पाण्यातून ओढला जातो.

ही ओढ किती? समजा, पंखा रोखून धरला आहे, त्याची पाती ०.१ चौरस मीटर पाणी अडवतात आणि वेग सेकंदाला ३ मीटर आहे. आकाराचा गुणांक १ धरला, तर रोध = १/२ × १००० × ०.१ × ३ × ३ = ४५० न्यूटन, म्हणजे सुमारे ४६ किलोच्या वजनाइतका. मोकळा फिरू दिला तर तो बहुधा कमी होतो. मात्र इंजिन बंद असताना काही गिअरपेट्यांना वंगण मिळत नाही, म्हणून निर्मात्याची सूचना आधी वाचावी. मंद वाऱ्यात शिडांचे बलच थोडे असते. तेव्हा ही ओढ फार जाणवते.

तीन अचल पात्यांचा पंखा स्वस्त, दणकट, पुढेमागे सारखाच भरवशाचा. दोन पात्यांचा कमी पाणी अडवतो, पण इंजिनावर जोरही सहसा कमी देतो. मिटणाऱ्या पंख्याची पाती कळीसारखी मागे मिटतात. रोध सर्वांत कमी. इंजिन सुरू झाले की फिरण्यामुळेच ती उघडतात. अडचण उलट्या चालीत येते. तेव्हा पाण्याचे बल पाती मिटवू पाहते आणि जोर कमी पडतो. धक्क्याला लागताना नौका थांबवायची असते नेमकी त्याच चालीने!

चौथ्या प्रकारात प्रत्येक पाते स्वतःच्या आसाभोवती वळते. शिडावर असताना ते प्रवाहाला धार दाखवते, उलट्या चालीत फिरून योग्य कड पुढे करते. किंमत मोठी, सांधे नाजूक. आपल्या उबदार समुद्रात कवचधारी जीव लवकर चिकटतात. साफसफाई चुकली की पाती अडकतात.

आठवड्याला किनाऱ्याने फिरून परतणाऱ्या नौकेला आम्ही अचल पंखाच सुचवू. महिनोन् महिने शिडावर राहणारीला मात्र वळत्या पात्यांचा खर्च परवडतो.