घरबसल्या हयातीचा दाखला

तेलुगूत ‘मी’ म्हणजे ‘तुमची’. म्हणून २०११ साली निघालेल्या ‘मी-सेवा’चा अर्थ ‘तुमची सेवा’ असा होतो. पुढे २०१८ साली ‘टी अ‍ॅप फोलिओ’द्वारे तेलंगण सरकारच्या पुष्कळ सेवा मोबाईलवर आल्या. सोय झाली खरी. पण ती आपल्या वडीलधाऱ्यांपर्यंत पोचली काय?

केंद्र सरकारच्या पेन्शनरांचेच पाहू. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो; न दिल्यास पेन्शन अडते. ऐंशी वर्षांवरील मंडळींना १ ऑक्टोबरपासून मुभा आहे. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ योजना निघाली, पण बोटांचे ठसे घेणारे यंत्र लागे. उतारवयात ठसे झिजतात. यंत्र ते ओळखीत नाही. २०२१ पासून मात्र फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा टिपला की पुरते. तो आधारच्या नोंदीशी ताडून पाहतात व दाखल्याचा क्रमांक संदेशाने येतो. आधार क्रमांक, पेन्शन-आदेशाचा क्रमांक व बँकेचे खाते एवढे हाताशी असावे.

फोन स्वतःचाच हवा असे नाही. तेव्हा आमच्या तरुण सभासदांना विनंती, की त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याकडे आपला फोन घेऊन जावे. वडील मंडळींनीही एक पथ्य पाळावे : अनोळखी माणसाने फोनवरून सांकेतिक अंक विचारल्यास ते कदापि सांगू नयेत. यंत्र नवे असले, तरी शेजारधर्म जुनाच आहे.